ओमानचा किनारा: दगडी भिंती कुणाच्या आणि गरम पाणी कुठलं?

पंचगंगेचा_पोर

नमस्कार मंडळी,

मी मूळचा शुक्रवार पेठेतला. पाच वर्षं झाली, नोकरीसाठी ओमानमध्ये सोहारला आहे. यंदा ईदला चार दिवस सलग सुट्टी मिळाली, तेव्हा मी आणि खोलीवरचा मित्र (तो इचलकरंजीचा) गाडी काढून निघालो. पहिला दिवस नखल आणि रुस्ताकचे गरम पाण्याचे झरे, मग मस्कत ओलांडून कुरय्यातपासून सूरपर्यंतचा किनारा असा बेत होता.

झऱ्यांचं आधी सांगतो. रुस्ताकच्या ऐन अल कसफाला पाणी ४५ अंशांचं आहे. पाय टाकला की पहिल्यांदा झटकन मागं येतो, दुसऱ्यांदा ठेवला की उचलवत नाही. नखलचा झरा किल्ल्यापासून जवळच आहे. तिथलं पाणी जरा कमी गरम, आणि तेच पुढं पाटानं खजुरीच्या बागांत जातं. आजूबाजूला सगळे उघडे, करपलेले डोंगर आणि मधोमध ही हिरवी पट्टी. तिथं मला आईची फार आठवण झाली. तिचे गुडघे दुखतात.

पण धागा काढला तो भिंतींसाठी. कुरय्यातच्या पुढं एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला चुनखडीचं पठार असा रस्ता आहे. फिन्सच्या आसपास आम्ही गाडी लावून डोंगराकडं चालत गेलो. तिथं एका कोरड्या ओहोळात आडवी दगडी भिंत दिसली. कुठं गुडघाभर, कुठं कमरेएवढी. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. तिच्यावरच्या अंगाला दुसरी एक भिंत सरळ डोंगराच्या सोंडेवरून वर गेलेली. मध्ये घर नाही, बुरूज नाही, वस्तीची खूण नाही. अर्धा तास चढलो तरी तिचं टोक सापडलं नाही. एक म्हातारे शेळ्या घेऊन चालले होते, त्यांना मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं. त्यांनी हात खांद्यावरून मागं टाकला आणि एवढंच म्हणाले, "मिन जमान." म्हणजे फार पूर्वीपासून.

तर सांगा. या भिंती कशासाठी असतील? आणि जवळपास ज्वालामुखी नसताना तिथलं पाणी गरम कसं? आपल्यापैकी कुणी तिकडं फिरलंय का?

रस्सा_मंडळ

फोटो टाक की भावा. आणि ओमानात मिसळीचा कट मिळतो का, तेही सांग.

पंचगंगेचा_पोर

फोटो रात्री टाकतो. कट मिळत नाही, कांदा-लसूण चटणी गावाकडून येते. गेल्या खेपेची संपायला आलीय.

काळा_फत्तर

आमची चार पिढ्या दगडातली माणसं. आज्जानं पन्हाळ्याच्या वाटेवरच्या कितीतरी ताली (माती अडवायचे दगडी बांध) रचल्या. म्हणून हा धागा दोनदा वाचला.

भावा, भिंत कुणी बांधली हे नंतर बघू. आधी ती कशासाठी बांधली ते भिंतच सांगती, तिला नीट विचारावं लागतं. परत गेलास तर एवढं बघ.

पहिलं, तोंड किती आहेत? दोन्ही अंगांनी दगड निवडून, सपाट बाजू बाहेर करून लावलाय का? दोन्हीकडं तोंड असलं तर ते कुंपण नाहीतर तटबंदी. एकाच बाजूला तोंड आणि मागं नुसता डबर भरला असंल तर ती भिंत कशाला तरी पाठ लावून उभी आहे. माती अडवायची म्हणून उभी आहे.

दुसरं, सांधमोड केलीय का? वरचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसला पाहिजे. मेंढरं राखणारा माणूस घाईत रचतो, त्याच्या भिंतीत सांधे एकावर एक येतात. जाणत्या हाताच्या भिंतीत मधूनमधून एक लांब दगड आरपार घातलेला असतो, म्हणजे पोट फुगत नाही. कपच्या ठोकून दगड आवळलेत का तेही बघ.

तिसरं, भिंत कुठल्या अंगाला कललीय? माती अडवणारी भिंत बांधतानाच मागं झुकवत्यात.

आणि एक दगड सुद्धा हलवू नगंस. कोरड्या रचाईत एक दगड काढला की पुढच्या पावसाला चार निसटत्यात.

पंचगंगेचा_पोर

दादा, हे वाचून अंगावर काटा आला. यातलं मी काहीच बघितलं नाही. नुसते फोटो काढले आणि आलो. पुढच्या सुट्टीत पुन्हा जाणार, नक्की.

गुरुजी_बेसाल्ट

महाविद्यालयात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालो. पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या वाट्याला आलेलं दिसतं.

गरम झरा म्हटला की ज्वालामुखी असलाच पाहिजे, हा समज फार घट्ट बसलेला आहे. जमिनीत जसजसं खाली जावं तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश. पावसाचं पाणी भेगांतून किलोमीटरभर खाली उतरलं आणि तितक्याच सरळ वाटेनं, थंड व्हायला वेळ न मिळता, वर आलं की झाला गरम झरा. खाली जायला वाट आणि वर यायला वाट, एवढंच लागतं. त्या वाटा खडकातल्या भेगा आणि प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या जागा, पुरवतात.

ओमानमध्ये या वाटेची गंमत अशी की तिथं दोन वेगळे खडक एकमेकांना भिडलेले आहेत. एक चुनखडी, ती भेगाळ आणि पाणी धरणारी. दुसरा काळा-हिरवट जड खडक. हा मूळचा समुद्राच्या तळाचा आणि त्याखालचा खडक. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीच्या कडेवर ढकलला गेला आणि आज डोंगर होऊन उभा आहे. त्याला ओफिओलाइट म्हणतात आणि तो पाहायला जगभरातून भूशास्त्रज्ञ ओमानला जातात. चुनखडीतून वाहत आलेलं पाणी या खडकाला अडलं की जिथं दोघांची सीमा आहे तिथं वर उसळतं. नखल आणि रुस्ताक याच सीमारेषेवर आहेत. हे दोन ठिपके नकाशावर ठेवून बघा, डोंगर संपून मैदान सुरू होतं तिथंच ते येतात.

एक सूचना. त्याच भागात काही ठिकाणी निळसर पाण्याची, काठावर पांढरी साय धरलेली डबकी दिसतात. दिसायला अतिशय सुंदर. पण ते पाणी या काळ्या खडकाशी दीर्घकाळ मुरून आलेलं असतं आणि त्याचा सामू ११च्याही वर जातो, जवळजवळ चुन्याच्या निवळीसारखा. त्यात उतरू नये, डोळ्यांना तर मुळीच लावू नये.

आपल्या कोकणातली कुंडंही अशीच. पालघरपासून राजापूरपर्यंत ती एका ओळीत येतात. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची उष्णता केव्हाच निवाली. तुरळ-राजवाडीचं पाणी तापतं ते खोलीमुळं.

अणुस्कुऱ्याची_लेक

गुरुजी, राजापूरचं नाव काढलंत आणि मला राहवलं नाही.

माझं माहेर राजापूरजवळ, सासर कोल्हापूरला. आमच्याकडं गरम पाण्याच्या जागेचं नावच उन्हाळे. दापोली-खेडकडं उन्हवरे. उन्ह म्हणजे गरम, इतकं साधं. कोल्हापूरच्या माणसांना मी सांगते की आम्ही उन्हाळ्याला जातो, तर त्यांना वाटतं मे महिन्याचं बोलतेय.

लहानपणी आजोबा पहाटे उठवून न्यायचे. थंडीत कुंडावर वाफ धरलेली असायची आणि आत उतरलं की बाहेर यायला आम्ही तयार नसायचो. आजोबा म्हणायचे, नखं पांढरी पडली की उठायचं. अजूनही मी तेच घड्याळ धरते.

अरबी लोक झऱ्याला ऐन म्हणतात असं वर दिसतंय. माझ्या नवऱ्यानं कुवेतला काम केलं होतं, तो सांगतो की ऐन म्हणजे डोळासुद्धा. जमिनीचा डोळा. केवढं सुंदर आहे हे.

पोरा, तुझ्या आईला तिकडं न्यायचं तर बायकांसाठी वेगळी सोय आहे का? उन्हाळ्याला आम्ही पहाट गाठायचो ती त्यासाठीच.

पंचगंगेचा_पोर

ताई, रुस्ताकला बायकांना आणि पुरुषांना न्हायला वेगळ्या खोल्या बांधलेल्या आहेत. नखलला उघड्या ओढ्यात लोक कुटुंबासकट पाय सोडून बसतात, डबे खातात. अंगभर कपडे असावेत, एवढं पाळायचं. आईला नक्की आणणार.

रणातला_उंट

वाईट वाटून घेऊ नका, पण वाळवंटी किनारा आणि दगडी भिंती बघायला ओमान कशाला? कोल्हापूरहून अहमदाबादची गाडी आहे, तिथून भूज, तिथून लखपत. मी दोन वेळा गेलोय.

लखपतची तटबंदी सात किलोमीटर आहे. १८०१ मध्ये जमादार फतेह मोहम्मदनं ती बांधून घेतली. आत एकेकाळी भरलेलं बंदर होतं. १६ जून १८१९ ला भूकंप झाला. कच्छच्या रणात सुमारे ८० किलोमीटर लांबीची जमीन वर उचलली गेली. तिथले लोक तिला अल्लाबंद म्हणतात, म्हणजे माणसानं न बांधलेला बांध. सिंधूचं जे पाणी कोरी खाडीत येत होतं ते तुटलं. बंदर कोरडं पडलं, व्यापारी निघून गेले, भिंत राहिली.

तटावर उभं राहिलो तेव्हा आतल्या बाजूला मोजकी घरं, एक गुरुद्वारा, एक घुमटाची कबर आणि बाकी बाभळी. बाहेरच्या बाजूला क्षितिजापर्यंत चिखल आणि मीठ. एवढी मोठी भिंत, आणि राखण करायला आत काही उरलेलं नाही. मी तिथं तासभर गप्प बसलो होतो.

म्हणून मला वाटतं, भिंतीत गूढ शोधू नये. कुणाचं तरी धान्य, कुणाचं तरी पाणी, कुणाचे तरी पैसे, एवढंच तिच्यामागं असतं.

माळावरचा_तारा

मला हे पटत नाही. इतक्या दुर्गम जागी माणसं हातानं मैलोन् मैल दगड वाहतील? आपल्याकडं पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली म्हणतात, त्याच्यामागं काहीतरी असेलच की. प्राचीन काळी आपल्यापेक्षा पुढारलेलं कुणीतरी होतं, असं माझं मत आहे.

काळा_फत्तर

दादा, तुमचा मान ठेवून सांगतो. माझ्या आज्ज्याचे हात मी बघितल्यात. दोन माणसं आणि एक पहार असली तर कमरेएवढी कोरडी भिंत दिवसाला दोन-तीन हात सहज सरकती. दहा घरांनी मिळून प्रत्येक हिवाळ्यात काम केलं तर वीस वर्षांत डोंगर वेढला जाईल. दगड लांबनं आणत नाहीत, पायाखालचाच उचलत्यात. जमीन साफ होती आणि भिंतही उठती. पांडवांना श्रेय दिलं की माझ्या आज्ज्याचं जातंय, एवढंच मला लागतं.

माळावरचा_तारा

हे मी असं कधी बघितलं नव्हतं. तुमच्या आजोबांना नमस्कार. तरी एक शंका राहतेच, पण वाद वाढवत नाही.

ब्रह्मपुरी_टेकाड

भिंती आणि समुद्र म्हटल्यावर मी गप्प बसणं शक्य नाही. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मूळ धाग्यात सूरचा उल्लेख आहे. सूरच्या अलीकडं समुद्राला लागून कल्हात आहे. अकराव्या ते पंधराव्या शतकात ते मोठं बंदर होतं. शहराला आतली एक आणि बाहेरची एक अशा दोन दगडी भिंती होत्या आणि त्यांचे अवशेष आजही उतारावर दिसतात. मार्को पोलोनं या गावाबद्दल लिहिलंय आणि इब्न बतूता तिथं स्वतः जाऊन आला. बीबी मरियमच्या नावाची घुमटी अजून उभी आहे. इथून अरबी घोडे जहाजांत चढत आणि हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरत. दख्खनच्या सुलतानांच्या आणि विजयनगरच्या पागा अशाच घोड्यांवर चालल्या. १५०८ मध्ये अल्बुकर्कच्या पोर्तुगीजांनी कल्हात लुटलं, जाळलं. २०१८ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या काही भिंतींची नावनिशी आपल्याला पक्की माहीत आहे.

त्याच किनाऱ्याच्या मागं, सल्माच्या पठारावर, दगडी मनोरे आहेत. कोरड्या रचाईचे गोल थडगे-मनोरे, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकातले. तिथं चढायला फोर व्हील गाडी लागते. पोरा, तू जिथं होतास तिथून ते फार लांब नाहीत.

आता दक्षिणेला, धोफारमध्ये, सलालापलीकडं सुमहुरम. खोर रोरी या खाडीच्या तोंडावरचं तटबंदीचं गाव, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून पुढं सात-आठशे वर्षं नांदलेलं. इथून लोबान जगभर जायचा. वेशीवर दक्षिण अरबी लिपीतले कोरीव लेख आहेत, त्यांत गाव वसवल्याचं लिहिलंय. त्याच प्रांतात तीन-तीन दगड एकमेकांना टेकवून उभे केलेल्या रांगा आहेत, शेजारी चुलाण्यांची वर्तुळं. कशासाठी, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही.

आणि आता मला ज्यासाठी लिहायचं होतं ते. सुमहुरमच्या उत्खननात काशाची एक लहान मूर्ती सापडली. डोकं तुटलेलं, पण अंगाचा बाक बघितला की ओळख पटते: शालभंजिका, म्हणजे झाडाची फांदी धरून उभी असलेली बाई. आपल्याकडून गेलेली. ती आता वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आणि १९४० च्या दशकात आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर, पंचगंगेच्या काठी, खोदकामात काय सापडलं? पोसायडन. ग्रीक-रोमन समुद्रदेव, काशाचा. तो आपल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे.

समुद्र ज्या गावाला दिसत सुद्धा नाही, तिथं समुद्राचा देव येऊन पोचला, आणि वाळवंटाच्या किनाऱ्यावर आपली झाडाखालची बाई जाऊन पोचली. मी शाळेच्या सहलीत तो पोसायडन पहिल्यांदा बघितला आणि तेव्हापासून दर वर्षी एकदा तरी जाऊन बघतो.

रस्सा_मंडळ

टाऊन हॉलच्या बागेत आमचं निम्मं कॉलेज गेलं. आत एकदाही गेलो नाही. या रविवारी पोरीला घेऊन जातो.

रणातला_उंट

ब्रह्मपुरी, यात माझी एक भर. सूरपलीकडं रास अल जिंझला हडप्पा काळातली सिंधू खुणांची खापरं मिळालीत, शिवाय बोरूच्या होड्यांना लावलेल्या डांबराचे तुकडे, समुद्री शिंपले चिकटलेले. साडेचार हजार वर्षांपूर्वीची ये-जा. धोलावीराचा दगडी कोट बघून आल्यावर हे वाचलं की दोन्ही किनारे एकाच अंगणाचे वाटतात. ओमानला कशाला जायचं, हे मी वर लिहिलं ते मागं घेतो.

वैद्य_राजारामपुरी

गरम कुंडांविषयी तब्येतीच्या दृष्टीनं थोडं लिहितो.

गुडघ्यांना ऊब मिळते, स्नायू सैल होतात, वेदना काही काळ कमी होतात. हे खरं आहे. झीज भरून येते, हे खरं नाही. गंधकाच्या पाण्यानं त्वचेच्या काही तक्रारींत आराम वाटतो, पण उघडी जखम असेल तर उतरू नये. रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ४५ अंशांच्या पाण्यात बसूच नये, कोमट ओढ्यात पाय सोडावेत. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असते, पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि भाजतं. असे पाय मी पाहिले आहेत. आधी हातानं किंवा कोपरानं पाणी बघावं.

सगळ्यात महत्त्वाचं, कोमट गोड्या पाण्यात डोकं बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये. अशा पाण्यात क्वचित एक अमिबा असतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो आणि आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. क्वचित होतो, पण मुलं उड्या मारतात म्हणून सांगून ठेवतो.

अणुस्कुऱ्याची_लेक

डॉक्टर, आजोबा आम्हाला डोकं भिजवू देत नसत. विचारलं की म्हणायचे, देवीला चालत नाही. कारण काहीही असो, ते बरंच झालं म्हणायचं.

बरगे_आणि_पाळी

शिरोळ तालुक्यात शेती आहे. काळा_फत्तर यांनी वर लिहिलेलं वाचून मला ओहोळातल्या आडव्या भिंतीचं कोडं सुटल्यासारखं वाटतंय.

ज्या मुलखात वर्षातून दोन-चार वेळा पाऊस येतो, तिथं पाण्यापेक्षा माती जास्त मोलाची. पाऊस पडला की गाळ घेऊन ओहोळ धावतो. आडवी भिंत घातली की पाणी दगडांतून झिरपून पुढं जातं आणि गाळ मागं थांबतो. चार-पाच पावसांत मागं एक वाफा तयार. त्यात खजूर लावा, चारा घ्या. आपण डोंगरउतारावर ताल घालतो तीच अक्कल. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा सुद्धा याच विचाराचा पुढचा भाऊ. पुराच्या वेळी बरगे (बंधाऱ्याच्या फळ्या) काढून नदीला वाट द्यायची, पावसाळा सरला की बरगे घालून पाणी धरायचं. नदीशी भांडायचं नाही.

ओमानच्या फलजविषयी मी वाचलंय. डोंगरातलं पाणी उतारानं, जमिनीखालच्या बोगद्यातून नाहीतर उघड्या पाटानं गावापर्यंत आणायचं आणि वेळेच्या पाळीनं वाटायचं. पूर्वी दिवसा सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर पाळी मोजायचे. असे तीन हजारांहून जास्त फलज अजून चालू आहेत, त्यांतले पाच २००६ मध्ये वारसा यादीत गेले. आमच्याकडं पाळीवरून दर उन्हाळ्यात भावाभावांत वाजतं. ताऱ्यांवर पाळी मोजून हजार वर्षं भांडण सांभाळणाऱ्या माणसांचं मला फार कौतुक आहे.

पण डोंगराच्या सोंडेवरून वर जाणाऱ्या भिंतीचं उत्तर माझ्याकडं नाही. ती पाणी अडवत नाही.

चिलट

सोंडेवरच्या भिंतीवर माझा एक विचार. जॉर्डन, सीरिया, सौदीच्या वाळवंटात दगडी पतंग आहेत. १९२० च्या दशकात विमानातून जाणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना ते दिसले. दोन लांबच लांब बुटक्या भिंती जवळजवळ येत जातात आणि टोकाला खड्डे असलेलं आवार. हरणांचे कळप हाकत आत न्यायचे. २०२३ मध्ये तर दगडावर कोरलेले या सापळ्यांचे नकाशे प्रसिद्ध झाले, सात-आठ हजार वर्षांपूर्वीचे, आणि चक्क प्रमाणात काढलेले. जॉर्डनमध्येच खत्त शबीब नावाची भिंत १०६ किलोमीटर जाते. फाटे धरले तर १५० च्या आसपास. ती कशासाठी, हे अजून वादातच आहे. तुझी भिंत तशीच आहे असं मी म्हणत नाही, पण तिच्या जोडीची दुसरी भिंत पलीकडच्या सोंडेवर आहे का, तेवढं बघ.

इशारा_पातळी_३९

सगळे भिंतीत रमलेत म्हणून आठवण करतो. ओमानच्या वाद्यांत, म्हणजे तिथल्या कोरड्या ओहोळांत, पाणी कसं येतं ते मी तिथं असताना बघितलंय. आपल्याकडं पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. माणसाला दोन दिवस मिळतात. २०१९ ला तरीही काय झालं ते आपण सगळ्यांनी भोगलं. तिकडं वर डोंगरात ढग फुटला की खाली ऊन असतानाच भिंतीसारखं पाणी येतं, तासाभराचा सुद्धा अवधी नाही. ऑक्टोबर २०२१ च्या शाहीन वादळात रुस्ताककडची गावंच्या गावं पाण्यात होती. ओहोळात गाडी लावायची नाही, वर ढग दिसला की झऱ्यावरून उठायचं.

पंचगंगेचा_पोर

मंडळी, दीड महिन्यानं परत आलोय. गेल्या गुरुवारी-शुक्रवारी पुन्हा जाऊन आलो. या खेपेला काळा_फत्तर दादांचं सगळं कागदावर उतरवून नेलं होतं. गाडी वरच्या धारेवर लावली, ओहोळात नाही.

आधी ओहोळातली आडवी भिंत. तोंड एकाच बाजूला, खालच्या अंगाला. मागं डबर, आणि डबरामागं बारीक, मऊ, पिवळट माती भिंतीच्या माथ्यापर्यंत सपाट भरलेली. भिंत वरच्या अंगाला झुकलेली. सांधमोड अगदी काळजीनं केलेली, दोन ठिकाणी आरपार लांब दगड दिसले. वरच्या ओहोळात चालत गेलो तर अशाच अजून चार भिंती, पायऱ्यांसारख्या. तिसरीच्या मागं एक बोरीचं जुनं झाड आहे. बरगे_आणि_पाळी दादा, तुम्ही शिरोळात बसून जे सांगितलंत ते तिथं समोर होतं. मी त्या मातीत हात घातला. वरची वीतभर कोरडी, खाली थंड. शेवटचा पाऊस तीन महिन्यांपूर्वीचा होता.

सोंडेवरची भिंत मात्र वेगळी. तोंडं दोन्हीकडं, पण रचाई घाईची, सांधे एकावर एक. दोन तास चढल्यावर टोक सापडलं. ती एका दगडी गोलापाशी जाऊन थांबते. गोल ढासळलेला आहे, कमरेएवढा उरलाय. पलीकडच्या सोंडेवर जोडीची भिंत नाही. ते थडगं आहे की मेंढरांचं आवार, मला कळलं नाही. आत पाय ठेवला नाही. गोलाच्या तळाचे दगड उन्हानं पूर्ण काळपटलेत, भिंतीचे दगड मात्र अजून उजळ आहेत, याचा अर्थ गुरुजींना विचारायचा आहे.

गुरुजी_बेसाल्ट

अर्थ सरळ आहे. वाळवंटात उघड्या राहिलेल्या दगडावर लोह आणि मँगनीजचा काळपट थर धरतो, आणि तो फार सावकाश धरतो. दगड जमिनीतून उपसला किंवा उलटला की फिकी बाजू वर येते आणि थर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. किती वर्षं ते यावरून सांगता येत नाही, पण दगड एकाच जातीचे असतील तर गोल आधीचा आणि भिंत बरीच नंतरची. नंतरच्या लोकांनी जुनी खूण धरून तिथपर्यंत आपली हद्द ओढली असावी.

ब्रह्मपुरी_टेकाड

गोलाचे फोटो आणि जागेची नोंद तिथल्या वारसा खात्याकडं पाठव. कुठलीही नोंद नसलेले असे कितीतरी गोल असतील. आणि इथं जागेचा नेमका ठावठिकाणा लिहू नकोस, खणणारे सगळीकडं असतात.

पंचगंगेचा_पोर

फोटो आणि नोंद पाठवली. ठावठिकाणा इथं लिहिणार नाही. आईचं तिकीट डिसेंबरचं काढलंय. डॉक्टरांनी सांगितलं तसं तिला रुस्ताकला नाही, नखलच्या ओढ्यात बसवणार.

काळा_फत्तर

भावा, त्या आरपार दगडाचा फोटो जवळून काढलायस का? कपच्या कुठल्या बाजूनं ठोकल्यात ते बघायचंय. आमचा आज्जा नेहमी डावीकडनं ठोकायचा.

पंचगंगेचा_पोर

काढलाय दादा. पाठवला. डावीकडनंच आहेत.